हिरड्याचे पाणी नासते, बाभळीच्या सालीचे तसे का नासत नाही?

चर्मकुटी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी कोल्हापुरी चपलांसाठी लागणारे कातडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावण्याचे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. चुन्यातून काढून, केस उतरवून स्वच्छ धुतलेले कातडे आम्ही सालीच्या पाण्यात मुरवतो आणि नंतर ते पिशवीसारखे शिवून, आत हिरडा व साल भरून, वर पाणी घालून टांगतो. ही रीत वडीलधाऱ्यांकडून आली असली तरी तिच्यामागचे काही प्रश्न मला बरेच दिवस सतावत आहेत.

हिरड्याची भरड भिजवलेले पाणी काही दिवस तसेच राहिले, तर प्रथम त्याला आंबूस वास येतो आणि पुढे त्यावर बुरशीची साय धरते. आधी पांढरी दिसणारी ही साय मग हिरवट किंवा काळी होते. अशा पाण्यात कातडे नीट भरत नाही, असे आमच्याकडचे जुने कारागीर सांगतात आणि आमचाही अनुभव तसाच आहे. मात्र त्या पाण्यात हिराकस (लोहाचा क्षार) टाकले, तर ते ताज्या पाण्याइतकेच काळेनिळे होते. याचा अर्थ टॅनिन (कातडे कमावणारा तुरट पदार्थ) शिल्लक आहे, मग कातडे का कमावले जात नाही? बाभळीच्या सालीच्या पाण्याचे असे नासणे फारसे दिसत नाही. त्याच्या तळाशी तांबडा गाळ साचतो, एवढेच.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते, म्हणूनच कातडे कुजत नाही, असे मी वाचले आहे. सूक्ष्मजीवांचे शरीरही प्रथिनांचेच असते. मग ज्या पाण्याने कातड्याचे कुजण्यापासून रक्षण होते, त्याच पाण्यावर बुरशी इतकी कशी माजते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सूक्ष्मदर्शी

आपले निरीक्षण अचूक आहे. हिरडा आणि बाभूळ यांतील जो फरक आपण नोंदवला आहे, तो या दोन झाडांच्या टॅनिनमधील जोडणीचा फरक आहे. सूक्ष्मजीव टॅनिन किती सहज मोडू शकतात, हे मुख्यतः त्या जोडणीवरच ठरते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

टॅनिन हे एकाच पदार्थाचे नाव नसून वनस्पतींतील तुरट, प्रथिनांना धरणाऱ्या अनेक पदार्थांचा तो समूह आहे. जमिनीवरील वनस्पतींत त्याचे दोन मोठे गट आढळतात. पहिल्या गटात मध्यभागी ग्लुकोजसारखी साखर असते आणि तिच्याभोवती गॅलिक आम्लाचे किंवा त्याच्याशी नाते असलेल्या आम्लांचे रेणू एस्टर बंधाने जोडलेले असतात. हा बंध पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने तुटू शकतो, म्हणून या गटाला जलविघटनशील टॅनिन म्हणतात. हिरड्यातील चेब्युलिनिक आम्ल आणि चेब्युलॅजिक आम्ल याच गटातील आहेत. दुसरा गट संघनित टॅनिनचा. त्यात साखरेचा गाभा नसतो. कॅटेचिनच्या जातीचे घटक कार्बन ते कार्बन अशा थेट बंधांनी एकमेकांना जखडलेले असतात आणि असा बंध पाण्याने सहजासहजी तुटत नाही. बाभळीच्या सालीतील टॅनिन मुख्यतः या दुसऱ्या गटातले आहे. आपल्याला तळाशी दिसणारा तांबडा गाळ हे विघटन नव्हे. संघनित टॅनिनचे घटक आम्लामुळे आणि हवेतील ऑक्सिजनमुळे एकमेकांशी आणखी जोडले जातात, इतके मोठे होतात की पाण्यात राहू शकत नाहीत आणि खाली बसतात. म्हणजे एका पाण्यात टॅनिन लहान होत जाते, तर दुसऱ्यात ते मोठे होत जाते.

आता बुरशीकडे वळू. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शील यांनी 1786 मध्ये मायफळाचा (ओकच्या झाडावर येणाऱ्या गाठीचा) अर्क तसाच ठेवून, त्यावर बुरशी येऊ देऊन, त्यातून गॅलिक आम्लाचे स्फटिक मिळवले होते. हे काम बुरशीच करते, हे मात्र फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप व्हान टीगेम यांनी 1867 मध्ये दाखवून दिले. टॅनिनच्या द्रावणात बुरशी वाढली आणि तिला हवा मिळाली, तरच गॅलिक आम्ल तयार होते, असे त्यांना आढळले. त्यांनी पाहिलेल्या बुरश्यांपैकी एक पेनिसिलियम होती, तर दुसरीला त्यांनी ॲस्परजिलस नायगर असे नाव दिले. आपल्या पाण्यावर पुढे धरणारी हिरवट आणि काळी साय याच दोन वंशांतील असण्याची शक्यता फार मोठी आहे.

या बुरश्या टॅनेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करून ते आपल्या शरीराबाहेर, पाण्यात सोडतात. टॅनेज जलविघटनशील टॅनिनमधील एस्टर बंध तोडते. याच गटातील टॅनिक आम्लाचे नेहमी दिले जाणारे सूत्र घेतले, तर त्याच्या एका रेणूत ग्लुकोजभोवती गॅलिक आम्लाचे 10 घटक असतात. त्यांपैकी 5 थेट साखरेला आणि उरलेले 5 त्या पहिल्या पाचांना जोडलेले असतात. टॅनेज दोन्ही प्रकारचे बंध तोडू शकते. पाण्याचे 10 रेणू खर्ची पडून शेवटी गॅलिक आम्लाचे 10 रेणू आणि ग्लुकोजचा 1 रेणू मोकळा होतो. सुमारे 1,700 रेणुभाराच्या पदार्थाचे असे 170 रेणुभाराचे तुकडे होतात.

आपल्या हिराकसाच्या कोड्याचे उत्तर येथेच आहे. लोहाशी काळानिळा रंग देण्याचा गुण गॅलिक आम्लाच्या कड्यावर शेजारी-शेजारी असलेल्या हायड्रॉक्सिल गटांमुळे येतो आणि टॅनिन मोडले तरी ते गट तसेच राहतात. म्हणून हिराकस टॅनिन आणि गॅलिक आम्ल यांत भेद करू शकत नाही. कातडे कमावण्यासाठी मात्र रेणू पुरेसा मोठा असावा लागतो, कारण त्याला कोलॅजन या कातड्यातील प्रथिनाच्या तंतूंना एकाच वेळी अनेक ठिकाणी धरून ठेवायचे असते. एकट्या गॅलिक आम्लाला ते साधत नाही. नासलेल्या पाण्यात रंग देणारे घटक टिकून असतात, पण कातडे बांधणारा सांगाडा गेलेला असतो.

टॅनिन सूक्ष्मजीवांना मारते, मग बुरशी कशी वाढते, हा आपला दुसरा प्रश्न. टॅनिन बहुतेक सूक्ष्मजीवांना खरोखरच रोखते. ते त्यांच्या विकरांना चिकटून ती निकामी करते, पेशींच्या आवरणाला बाधा आणते आणि वाढीला लागणारे लोह स्वतःकडे बांधून ठेवते. अनेक जिवाणू येथेच थांबतात. ज्या बुरश्या टॅनेज बाहेर सोडू शकतात, त्या टॅनिनला पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच लहान करतात आणि सुटलेली साखर व गॅलिक आम्ल अन्न म्हणून घेतात. बुरशीचे टॅनेज हे स्वतः प्रथिन असले तरी त्यावर शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि टॅनिनच्या सान्निध्यातही ते काम करत राहते. हे विकर बुरशी सदासर्वकाळ बनवत नाही. समोर टॅनिन असले की त्याची निर्मिती वाढते आणि सहज मिळणारी साखर भरपूर असली की ती मंदावते. आपल्याकडे आधी आंबूस वास आणि नंतर बुरशीची साय हा जो क्रम दिसतो, तो याच्याशी जुळतो. हिरड्याच्या गरातील मोकळी साखर प्रथम संपते, मग टॅनिनची पाळी येते.

आपल्यासाठी हे नुकसान असले, तरी हीच क्रिया मुद्दाम घडवूनही आणली जाते. खरगपूरच्या आयआयटीत हिरड्याच्या भरडीवर बुरशी वाढवून गॅलिक आम्ल मिळवण्याचे संशोधन झाले आहे. ट्रायमेथोप्रिम हे जिवाणूरोधक औषध बनवण्यासाठी गॅलिक आम्ल कच्चा माल म्हणून वापरले जाते, तर खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून घालण्यात येणारे प्रोपिल गॅलेट त्यापासूनच बनते. थंड पाण्यात गढूळ न होणारा झटपट चहा बनवतानाही टॅनेज उपयोगी पडते.

सालफळ

वरील उत्तर उत्तम आहे. मी वनस्पतिज कमावणीच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे व्यवहाराच्या बाजूने काही भर घालतो.

पहिली गोष्ट म्हणजे हिराकसाऐवजी जिलेटिनची चाचणी करावी. 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 1 ग्रॅम जिलेटिन आणि 10 ग्रॅम मीठ विरघळवून घ्यावे. हिरड्याचे पाणी फडक्यातून गाळून, पातळ करून, त्यात हे द्रावण थोडे थोडे घालावे. टॅनिन असेल तर दह्यासारखा साका तयार होतो, कारण जिलेटिन हे कोलॅजनपासूनच बनलेले असते आणि टॅनिन त्याला कातड्याप्रमाणेच धरते. गॅलिक आम्ल असा साका देत नाही. ताजे आणि जुने पाणी सारख्याच प्रमाणात घेऊन शेजारी-शेजारी पाहिले, तर किती टॅनिन गेले याचा अंदाज डोळ्यांनीच येतो. साका गाळून काढल्यावर उरलेल्या पाण्यात हिराकस टाकावे. जिलेटिन पुरेसे घातलेले असूनही ते पाणी काळेनिळे झाले, तर त्यात गॅलिक आम्ल साचले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट अशी की सगळेच आंबणे वाईट नसते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. हिरड्यातील साखरेवर दुग्धाम्ल जिवाणू आणि यीस्ट वाढतात आणि आम्ल तयार करतात. चुन्यातून आलेल्या कातड्यात राहिलेला चुन्याचा अंश या आम्लाने निघतो, कातडे किंचित फुगते आणि टॅनिन आतपर्यंत शिरायला मदत होते. बाभळीच्या सालीच्या पाण्यात असे आम्ल फारसे तयार होत नाही. म्हणूनच दोन्ही एकत्र वापरण्याची जुनी रीत मला अतिशय विचारपूर्वक घडलेली वाटते. हिरडा आम्ल आणि फिका रंग देतो, तर साल टिकाऊ टॅनिन देते. आपल्याला आंबणे हवे आहे, पण बुरशी नको आहे, आणि या दोन्हींच्या मधला काळ साधणे हेच कौशल्य आहे.

बुरशीला हवा लागते, त्यामुळे ती पृष्ठभागावरच धरते. पाणी रोज ढवळले, साय दिसताच काढून टाकली, भरड पाण्याखाली दाबून ठेवली आणि पिंप काठोकाठ भरून झाकले, तर तिचा जोर बराच कमी होतो. हिरडा एकदम मोठ्या प्रमाणात न भिजवता लागेल तसा भिजवावा. जुन्या पिंपाच्या कडांवर बीजाणू चिकटून राहतात, म्हणून नवे पाणी करण्याआधी ते घासून, उकळत्या पाण्याने धुवावे. पावसाळ्यात साठवलेल्या हिरड्याला ओल लागू देऊ नये, कारण फळावरच बुरशी धरली असेल, तर पाणी कितीही जपले तरी उपयोग होत नाही. पिंप झाकले म्हणजे सारे थांबले असे मात्र समजू नये. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या दुग्धाम्ल जिवाणूकडेही टॅनेज असते आणि तो हवेविना वाढू शकतो. बुरशीच्या तुलनेत त्याचे काम सावकाश चालते, इतकेच.

हिरड्याने कमावलेल्या कातड्यावर कधी कधी फिकट पिवळसर पूड उमटते. तो बुरशीचा थर नव्हे. हिरड्यातील टॅनिन मोडल्यावर त्याचा एक भाग एलॅजिक आम्ल म्हणून सुटतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे कातड्यावर आणि पिंपाच्या तळाशी बसते. थोड्या प्रमाणात ते अपायकारक नाही, तळव्याच्या जाड कातड्यात तर काही जण ते चांगलेच मानतात. पण ते फार दिसू लागले, तर टॅनिन वाया जात असल्याची ती खूण आहे.

पशुवैद्यक

विषय कातड्याचा असला तरी टॅनिन मोडणाऱ्या जिवाणूंची फार महत्त्वाची माहिती जनावरांच्या पोटातून मिळालेली आहे, म्हणून थोडे लिहितो. शेळ्या बाभळीचा पाला आणि शेंगा आवडीने खातात. तेवढे टॅनिन गायीला सहज मानवत नाही. ऑस्ट्रेलियात मुल्गा नावाच्या बाभूळवर्गीय झाडाचा पाला खाणाऱ्या रानटी शेळ्यांच्या कोटीपोटातून (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातून) टॅनिन सहन करणारा स्ट्रेप्टोकोकस जिवाणू 1994 मध्ये नोंदवला गेला. निलगिरीच्या पानांवर जगणाऱ्या कोआलाच्या विष्ठेतूनही टॅनिन आणि प्रथिन यांची जोडी फोडणारे जिवाणू मिळाले. स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस हे नावच त्याच्या गॅलिक आम्ल मोडण्याच्या गुणावरून पडले आहे.

कोटीपोटात हवा नसते, त्यामुळे गॅलिक आम्लाचे पुढे काय होते हे तेथे वेगळ्या वाटेने घडते. प्रथम त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून पायरोगॅलॉल बनते, त्याचे फ्लोरोग्लुसिनॉलमध्ये रूपांतर होते आणि मग ते कडे उघडून त्यापासून ॲसिटिक व ब्युटिरिक आम्ले तयार होतात. ही आम्ले जनावराला ऊर्जा म्हणून वापरता येतात. युबॅक्टेरियम ऑक्सिडोरेड्युसेन्स हा कोटीपोटातील जिवाणू यातील बरेच काम करतो.

सुबाभळीच्या बाबतीत हवाई बेटांवरील शेळ्यांच्या कोटीपोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांना देऊन विषबाधा टाळता आली, हे उदाहरण अनेकदा टॅनिनसाठीही दिले जाते. ते विष सुबाभळीतील मिमोसिन या पदार्थापासून तयार होणारे होते, टॅनिन नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा. संघनित टॅनिनसाठी एखादा जिवाणू पाजून जनावराला बाभळीचा पाला निर्धोक करता येईल, असे सांगून कोणी काही विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

चर्मकुटी

सर्वांचे मनापासून आभार. जिलेटिनची चाचणी करून पाहिली. ताज्या पाण्यात दाट साका आला, बुरशी धरलेल्या पाण्यात अगदी विरळ आला आणि गाळलेले पाणी हिराकसाने काळेनिळे झाले. वडील हे सारे बाजूला उभे राहून पाहत होते आणि त्यांनी लगेच पिंपे घासायला काढली.

आता एकच प्रश्न उरतो. वापरून झालेले तपकिरी पाणी आणि सालीचा चोथा यांचे काय करावे? टॅनिन मोडणारे जिवाणू शेळीच्या पोटात असतील, तर शेण-लेंड्यांचे विरजण लावून हे पाणी टाकीत कुजवता येईल काय? ओढ्यात ते तसेच जावे, हे आम्हांला पटत नाही.

जलशुद्धी

सांडपाणी प्रक्रियेच्या क्षेत्रात काम करत असल्यामुळे हा प्रश्न वाचून समाधान वाटले. आपली कल्पना योग्य दिशेची आहे, पण तिच्या मर्यादा माहीत असल्या पाहिजेत.

हवाबंद टाकीत टॅनिनचे विघटन होते. 1982 मध्ये शिंक आणि फेनिग या जर्मन शास्त्रज्ञांनी पेलोबॅक्टर ॲसिडिगॅलिसी नावाचा जिवाणू वर्णन केला. तो गॅलिक आम्लाच्या एका रेणूपासून हवेविना ॲसिटिक आम्लाचे 3 रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा 1 रेणू तयार करतो. ॲसिटिक आम्लापासून मिथेन वायू बनवणारे सूक्ष्मजीव शेणात असतातच. अडचण अशी की हे मिथेनकारक सूक्ष्मजीव न मोडलेल्या टॅनिनपुढे फार नाजूक असतात. गॅलिक आम्ल त्यांना तितका त्रास देत नाही, मोठे टॅनिन देते. म्हणून शेणाने सुरू केलेल्या टाकीत तपकिरी पाणी एकदम ओतले, तर वायू बंद पडतो आणि टाकी आंबट होते. सुरुवातीला पाणी भरपूर पातळ करून थोडे घालावे, आणि टाकी ते पचवते आहे हे वायूवरून दिसले की मगच प्रमाण वाढवावे. जे बुरशी धरलेले हिरड्याचे पाणी कमावणीला निरुपयोगी झाले आहे, तेच टाकीला मात्र अधिक सोपे जाते, कारण त्यातील टॅनिन आधीच लहान झालेले असते.

हवाबंद टाकीनंतर हवा देण्याचा टप्पा आवश्यक आहे. मोकळ्या हवेत स्युडोमोनास पुटिडासारखे जिवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने गॅलिक आम्लाचे कडे थेट फोडतात आणि त्याचा कार्बन पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात जातो. उथळ टाकीत पाणी खेळते ठेवले, तरी यातील बरेच काम होते. चुन्याचे सांडपाणी आणि सालीचे सांडपाणी येता-जाता एकत्र होऊ देऊ नये. चुन्याने काही टॅनिन खाली बसते हे खरे, पण अल्कधर्मी पाण्यात गॅलिक आम्ल आणि पायरोगॅलॉल हवेशी संयोग पावून आणखी काळे होतात आणि तो रंग मोडणे सूक्ष्मजीवांना जड जाते. चुन्याबरोबर सल्फाइड वापरत असाल, तर ते पाणी आंबट पाण्यात मिसळल्यावर हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो. बंद टाकीत कोणत्याही कारणाने माणसाने उतरू नये.

बाभळीच्या संघनित टॅनिनचा तांबूस रंग या दोन्ही टप्प्यांनंतरही बराचसा उरेल, हे आधीच सांगून ठेवतो. तेथे टॅनेजचा उपयोग होत नाही. लाकूड पांढरे करून कुजवणाऱ्या बुरश्या, उदाहरणार्थ ट्रॅमेटिस, लॅकेज आणि पेरॉक्सिडेज या विकरांनी असे बंध फोडू शकतात, कारण लाकडातील लिग्निन फोडण्याची सिद्धता त्यांच्याकडे असते. त्या बुरश्या पाण्यापेक्षा ओलसर घन पदार्थावर चांगल्या वाढतात. म्हणून रंग पाण्यातून काढण्यापेक्षा तो पाण्यात कमी जाईल असे पाहावे. एका कातड्याचे उरलेले सालीचे पाणी पुढच्या ताज्या कातड्याला पहिले पाणी म्हणून द्यावे, म्हणजे उरलेले टॅनिन कातड्यातच जाते.

चोथ्याचे खत होते, पण सावकाश. टॅनिन मातीतील प्रथिनांना धरून ठेवते आणि नत्र मोकळे होण्यास विलंब लावते, त्यामुळे कच्चा चोथा शेतात पसरला तर पीक पिवळे पडण्याचा धोका असतो. हिरड्याचा आणि सालीचा चोथा वेगवेगळा रचावा. हिरड्याचा ढीग लवकर बसतो. सालीच्या ढिगात शेण, हिरवा पाला आणि अर्धवट कुजलेल्या लाकडाचा बुरशी धरलेला भुगा मिसळावा, ओल राखावी आणि अधूनमधून उलथावा. ढिगातला थोडा नमुना पाण्यात ढवळून, गाळून, वर सांगितलेली जिलेटिनची चाचणी त्यावरही करता येते. साका येईनासा झाला, म्हणजे खत शेतात घालण्यास हरकत नाही.

टाकी बांधण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातील कार्यालयात संमतीविषयी विचारणा करावी. आपल्या परिसरात एकाच प्रकारचे काम करणारी आणखी घरे असतील, तर सर्वांनी मिळून एक सामाईक टाकी बांधणे अधिक चांगले, कारण रोज थोडे थोडे आणि सारख्या प्रतीचे पाणी मिळत राहिले, तरच हे जिवाणू टाकीत टिकून राहतात.